महाकाय कृष्णविवराच्या रेडिओ तेजाचा आलेख कसा काढायचा: मोबाइल, स्प्रेडशीट आणि खुल्या नोंदी वापरून

बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला प्रकल्प द्यायची वेळ आली की आपल्याकडे त्याच त्या विषयांच्या फाइली वरच्या वर्गाकडून खालच्या वर्गाकडे येतात. खगोलशास्त्राचं नाव काढलं की उत्तर ठरलेलं असतं, "सर, आपल्याकडं दुर्बीण कुठंय?" परभणी, हिंगोली, बीड, धाराशिव, कुठल्याही कॉलेजच्या विद्यार्थ्याला दुर्बिणीशिवाय करता येईल असं एक काम या लेखात पायरीपायरीनं सांगतो. दूरच्या आकाशगंगेच्या केंद्रात बसलेल्या महाकाय कृष्णविवराचं रेडिओ तेज वर्षानुवर्षं कसं कमीजास्त होतं, याचा आलेख काढायचा आणि त्यातून त्या चमकणाऱ्या भागाचा आकार काढायचा. बारावीचं गणित पुरतं. मोजमापं जगातल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींनी घेऊन ठेवलेली आहेत आणि ती फुकट मिळतात.

हे खेळणं नाही. संशोधक करतात तेच काम लहान प्रमाणावर करायचं आहे. म्हणून प्रत्येक पायरीला शिस्त लागते, आणि ती कुठं लागते हे सांगण्यातच या लेखाचा बराचसा भाग जाणार आहे.

आधी, चमकतं ते काय?

कृष्णविवरातून काही बाहेर येत नाही. तेज येतं ते त्याच्या भोवती फिरणाऱ्या तापलेल्या वायूतून, आणि काही कृष्णविवरांच्या बाबतीत दोन्ही ध्रुवांकडून सुटणाऱ्या झोतांतून. या झोतांत इलेक्ट्रॉन जवळपास प्रकाशाच्या वेगानं चुंबकीय क्षेत्राभोवती गिरक्या घेतात आणि रेडिओ लहरी सोडतात. याला सिंक्रोट्रॉन प्रारण म्हणतात. झोताच्या मुळाशी नवा माल ढकलला गेला, झोतातून आघात तरंग गेला, की तेज चढतं. तो भाग पसरून विरळ झाला की उतरतं.

ही चढउतार असते हे १९६५ मध्ये विल्यम डेंट यांनी दाखवलं. मिशिगन विद्यापीठाच्या २६ मीटर दुर्बिणीतून त्यांनी थ्री-सी २७३ या क्वेझारचं, म्हणजे महाकाय कृष्णविवरामुळे झगमगणाऱ्या दूरच्या आकाशगंगेच्या गाभ्याचं, रेडिओ तेज बदलताना पकडलं. त्याच्या दोनच वर्षं आधी, १९६३ मध्ये, मार्टिन श्मिट यांनी हाच क्वेझार आपल्या आकाशगंगेच्या फार फार बाहेर आहे हे सिद्ध केलं होतं. इतक्या लांबची, इतकी तेजस्वी वस्तू महिन्या-महिन्यांत कशी बदलते, हे त्या काळच्या लोकांना पचवणं अवघड गेलं. का अवघड गेलं ते पुढं आकार काढताना तुम्हाला स्वतःच्या आकड्यांतून दिसेल.

तेज मोजायचं एकक जान्स्की. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला आकाशगंगेकडून येणाऱ्या रेडिओ लहरी पहिल्यांदा पकडणाऱ्या कार्ल जान्स्की यांच्या नावावरून ते ठेवलं आहे. एक जान्स्की म्हणजे दर चौरस मीटरला, दर हर्ट्झला, १०चा उणे २६वा घात इतका वॅट. हे एकक इतकं लहान आहे की तुमच्या खिशातला मोबाइल चंद्रावर ठेवला तरी तो रेडिओ दुर्बिणीला आकाशातल्या ठळक स्रोतांच्या रांगेत दिसेल.

पहिली पायरी: स्रोत निवडणं

निम्मे प्रकल्प इथंच फसतात. मुलं साहजिकच प्रसिद्ध नावं घेतात. २०१९ मध्ये ज्याचं पहिलं चित्र आलं ते एम ८७ या आकाशगंगेमधलं कृष्णविवर, नाहीतर २०२२ मध्ये ज्याचं चित्र आलं ते आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातलं सॅजिटेरियस ए-स्टार. सुरुवातीला या दोन्हींपासून लांब राहा.

एम ८७चं असं आहे की त्याच्याभोवती रेडिओ तेजाचा प्रचंड पसारा आहे. लाखो वर्षांत झोतांनी बाहेर फेकलेला तो माल आहे आणि तो अचल आहे. एकट्या तबकडीच्या दुर्बिणीला हा पसारा आणि गाभा एकत्रच दिसतात. गाभ्यात थोडी हालचाल झाली तरी एकूण तेजात ती बुडून जाते. या अचलपणामुळेच काही वेधशाळा एम ८७ला मोजमाप तपासायचा ठोकताळा म्हणून वापरतात. म्हणजे ज्या नोंदीत बदल शोधायचा, ती नोंदच स्थिर म्हणून निवडलेली! दुसरी अडचण, एम ८७च्या झोतात गाभ्यापासून शेकडो प्रकाशवर्षं दूर असलेली एचएसटी-१ नावाची गाठ २००५च्या सुमारास जोरात उजळली होती. लहान दुर्बिणीला ती गाठ आणि गाभा वेगळे दिसत नाहीत. तेज वाढलं म्हणजे कृष्णविवराच्या काठावरच काही घडलं, असा निष्कर्ष लगेच काढता येत नाही.

सॅजिटेरियस ए-स्टार १९७४ मध्ये बॅलिक आणि ब्राऊन यांनी शोधलं. तेही चहूबाजूंनी तेजस्वी वायूनं वेढलेलं आहे. ते वेगळं काढायला अनेक अँटेना जोडलेली दुर्बीण लागते. त्याचं तेज तासातासाला, मिनिटामिनिटाला हलतं, त्यामुळे आठवड्यातून दोनदा घेतलेल्या नोंदींचा तिथं उपयोग नाही. त्याच्याकडे शेवटी येऊ.

नवशिक्यासाठी चांगले स्रोत म्हणजे ब्लेझार. यांचा झोत जवळजवळ आपल्याच दिशेनं रोखलेला असतो, त्यामुळे तेज भरपूर आणि बदल ठसठशीत. मी सुचवतो ती नावं अशी: थ्री-सी २७३ आणि थ्री-सी २७९, दोन्ही कन्या राशीत, चित्रा नक्षत्राच्या मुलखात. सरठ तारकासमूहातला बीएल लॅक. महाश्वातला थ्री-सी ४५४.३. आणि ययातीमधला थ्री-सी ८४, जो काटेकोर अर्थानं ब्लेझार नाही, पण २००५ नंतर दहाएक वर्षं त्याचं तेज चढत गेलं आणि तो आलेख पाहण्यासारखा आहे. पहिल्या प्रकल्पाला थ्री-सी २७३ घ्या. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी, मार्च ते मेमध्ये, कन्या रास आपल्याकडं रात्री छान वर असते. गावाबाहेरच्या अंधारात ८ इंची दुर्बीण मिळाली तर हा क्वेझार एका साध्या ठिपक्यासारखा डोळ्यांनीही दिसतो. ज्या ठिपक्याचा आलेख काढला तो डोळ्यांनी पाहिलेल्या मुलांचा कामातला जीव वेगळाच असतो.

दुसरी पायरी: नोंदी उतरवून घेणं

दोन जागा भरवशाच्या आहेत. कॅलिफोर्नियातल्या ओवेन्स व्हॅली रेडिओ वेधशाळेची ४० मीटर दुर्बीण २००८च्या आसपासपासून सुमारे १,८०० स्रोतांवर १५ गिगाहर्ट्झला नजर ठेवून आहे. प्रत्येक स्रोताची आठवड्यातून साधारण दोनदा नोंद. गेली कित्येक वर्षं अखंड चाललेलं हे काम आहे आणि त्यातल्या जुन्या नोंदी संकेतस्थळावर खुल्या आहेत. दुसरी जागा म्हणजे चिलीतल्या ५,००० मीटर उंचीवरच्या पठारावरची आल्मा, ६६ अँटेनांची. आल्मा आपली यंत्रणा तपासायला ठरावीक क्वेझारकडे पुन्हापुन्हा पाहते आणि त्यांच्या तेजाची सूची सगळ्यांसाठी उघडी ठेवते. ती ९०-१०० गिगाहर्ट्झच्या आणि ३४३ गिगाहर्ट्झच्या आसपासची मिळते.

पुण्याच्या खोडदजवळची आपली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण यात का नाही, असा प्रश्न येतो. जीएमआरटीचाही संग्रह खुला आहे, पण त्यातल्या नोंदी कच्च्या असतात. त्या शिजवायला मोठा संगणक, लिनक्स आणि काही महिन्यांचं शिक्षण लागतं. ते एमएस्सीला करा.

फाइल सीएसव्ही स्वरूपात येते. काही शे ओळी, फार झाल्या तर हजार-दीड हजार. मोबाइल डेटावर क्षणात उतरते आणि गूगल शीट्समध्ये मोबाइलवरही उघडते, त्यामुळे लाइट गेली म्हणून काम अडत नाही. साधारण तीन रकाने असतात: वेळ, तेज, आणि त्या मोजमापाची अनिश्चितता. हा तिसरा रकाना सगळ्यांत मोलाचा. तो काढून टाकलेली फाइल कुणी तुम्हाला दिली तर ती वापरू नका.

उघडल्यावर पहिलं काम: आकडे रकान्यात उजवीकडे टेकलेत की डावीकडे, ते बघा. डावीकडे टेकले असतील तर शीट त्यांना आकडे न समजता मजकूर समजतेय. मग सरासरी शून्य येते किंवा चूक दाखवते, आणि पोरं तासभर सूत्रात दोष शोधत बसतात. रकाना निवडून त्याचं स्वरूप आकड्याचं करा, नाहीतर आकड्याला १नं गुणलेला नवा रकाना करा.

मूळ फाइलला हात लावायचा नाही. तिची प्रत काढा आणि काम प्रतीवर करा.

तिसरी पायरी: तारखा

वेळेच्या रकान्यात ५५,००० किंवा ५९,००० असे आकडे दिसतील. ही एमजेडी, म्हणजे १७ नोव्हेंबर १८५८ पासून मोजलेले दिवस. खगोलशास्त्रज्ञांना हे सोयीचं पडतं, कारण महिने-वर्षांची भानगड न करता वजाबाकी करता येते. गणितं याच आकड्यांवर करा. आलेखावर तारीख दाखवायची असेल तर एमजेडीमधून १५,०१८ वजा करा आणि रकान्याला तारखेचं स्वरूप द्या. शीटचे दिवस ३० डिसेंबर १८९९ पासून मोजले जातात, म्हणून हा आकडा. पडताळायचं असेल तर ६०,००० टाकून बघा, २५ फेब्रुवारी २०२३ आलं पाहिजे.

चौथी पायरी: साफसफाई, आणि तिचा नियम आधी ठरवणं

काही नोंदींची अनिश्चितता इतर नोंदींपेक्षा खूप मोठी असते. वेधशाळेवर ढग असतील, वारा असेल, आर्द्रता असेल. १५ गिगाहर्ट्झला हवेतलं पाणी त्रास देतंच. अशा नोंदी काढायला हरकत नाही, पण नियम आलेख पाहण्याआधी ठरवा. उदाहरणार्थ, अनिश्चितता तेजाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असेल ती ओळ बाजूला. नियम वहीत लिहा, किती ओळी गेल्या ते लिहा. आलेख पाहून "हा ठिपका बरा दिसत नाही" म्हणून काढणं म्हणजे उत्तर आधी ठरवून गणित करणं.

आल्माची सूची वापरत असाल तर वारंवारतेचा रकाना काळजीनं पाहा. एका आलेखात एकच पट्टा. ९१ गिगाहर्ट्झ आणि ३४३ गिगाहर्ट्झच्या नोंदी एकाच रांगेत ठेवल्या तर तेज अर्ध्यावर येऊन पुन्हा वर गेल्यासारखं दिसतं. प्रत्यक्षात क्वेझार जसाच्या तसा असतो, फक्त वरच्या वारंवारतेला त्याचं तेज कमी असतं. परभणीतल्या एका विद्यार्थिनीनं अशाच एका आलेखावर बोट ठेवून विचारलं होतं, "सर, हा ठिपका एकाच दिवशी वरबी हाय आन् खालबी हाय, कामून?" तारीख एकच आणि तेज दोन, हे तिच्या नजरेला खटकलं. आलेख असाच ओळीओळीनं वाचायचा असतो.

पाचवी पायरी: आलेख काढणं

आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर तेज जान्स्कीमध्ये. स्कॅटर प्रकार निवडा. लाइन प्रकार घेऊ नका, तो नोंदींमधली अंतरं सारखी धरतो आणि रिकाम्या महिन्यांवरून रेघ ओढून देतो. प्रत्येक ठिपक्याला तिसऱ्या रकान्याएवढा उभा एरर बार, म्हणजे अनिश्चितता दाखवणारी रेघ, द्या. मोबाइलच्या ॲपमध्ये ते जमत नसेल तर कॉलेजच्या संगणकावर करा, किंवा सरळ ग्राफ पेपर घ्या. शंभर ठिपके हातानं मांडले की स्रोताची चाल बोटांत उतरते. माझं मत असं आहे की पहिला आलेख हातानंच काढावा.

मग हेच सगळं थ्री-सी २८६ या स्रोतासाठी करा. १५ गिगाहर्ट्झला त्याचं तेज ३.४४ जान्स्की धरतात आणि ओवेन्स व्हॅलीची मोजमापं त्याच्याच आधारानं लावलेली असतात. त्याचा आलेख सपाट आला पाहिजे. तो सपाट येतो आणि शेजारी तुमचा ब्लेझार डोंगरदऱ्या दाखवतो, तेव्हा पाहणाऱ्याला पटतं की हलतोय तो स्रोत, दुर्बीण नाही. प्रकल्पाच्या तोंडी परीक्षेला हे दोन आलेख शेजारीशेजारी ठेवा.

सहावी पायरी: बदल किती, ते एका आकड्यात

तेजाचं प्रमाण विचलन काढून सरासरीनं भागलं की बदलाचं प्रमाण मिळतं. पण मोजमापाच्या अनिश्चिततेमुळे पूर्ण स्थिर स्रोताचंही विचलन शून्य येत नाही. ते आधी वजा करायचं. प्रमाण विचलनाचा वर्ग घ्या. अनिश्चिततांच्या रकान्यातल्या प्रत्येक आकड्याचा वर्ग करून त्यांची सरासरी घ्या. पहिल्यातून दुसरं वजा करा, वर्गमूळ घ्या, सरासरी तेजानं भागा.

समजा सरासरी ४ जान्स्की, प्रमाण विचलन ०.८ आणि अनिश्चितता सगळीकडे ०.१ आहे. ०.६४ मधून ०.०१ गेले, उरले ०.६३. वर्गमूळ ०.७९, भागिले ४, म्हणजे साधारण २० टक्के. हा स्रोताचा स्वतःचा बदल. आता थ्री-सी २८६साठी हेच करा. वजाबाकी ऋण आली तर घाबरू नका. त्याचा अर्थ एवढाच की दिसणारी हालचाल मोजमापाच्या अनिश्चिततेत मावते.

सातवी पायरी: आकार

या कामाचं सगळ्यांत मोठं फळ इथं आहे, म्हणून इथं वेळ द्या.

एखादा भाग सगळाच्या सगळा उजळायचा असेल तर "उजळा" हा निरोप त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पोचला पाहिजे, आणि निरोप प्रकाशापेक्षा वेगानं जात नाही. म्हणून १०० दिवसांत दुप्पट होणारा स्रोत साधारण १०० प्रकाशदिवसांपेक्षा मोठा असू शकत नाही. एवढंच तत्त्व.

आलेखातली सगळ्यांत उभी, पण अनेक ठिपक्यांनी सिद्ध झालेली चढण निवडा. दोन ठिपक्यांवर कधी विसंबू नका. चढणीच्या पायथ्याचं आणि माथ्याचं तेज घ्या, त्यांच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगॅरिदम काढा आणि लागलेल्या दिवसांना त्यानं भागा. समजा ६० दिवसांत तेज ५ वरून ८ जान्स्कीवर गेलं. गुणोत्तर १.६, लॉगॅरिदम ०.४७, म्हणजे काळ सुमारे १२८ दिवस. विश्वाच्या प्रसरणामुळे आपल्याला हा काळ ताणलेला दिसतो, म्हणून एक अधिक रक्तसृती (रेडशिफ्ट, म्हणजे प्रसरणामुळे लहरी किती ताणल्या त्याचं माप), थ्री-सी २७३साठी १.१५८, यानं भागायचं. उरले ११० दिवस. चमकणारा भाग साधारण ११० प्रकाशदिवसांच्या आतला.

एक प्रकाशदिवस म्हणजे सुमारे २,५९० कोटी किलोमीटर. सूर्य ते नेपच्यून अंतर सुमारे ४५० कोटी. म्हणजे ११० प्रकाशदिवस नेपच्यूनच्या अंतराच्या सहाशेपट-साडेसहाशेपट. मोठं वाटतं, पण ज्या दुर्बिणीनं हे मोजलं तिची नजर बघा. ४० मीटर तबकडीला १५ गिगाहर्ट्झला आकाशातला अडीच कलांहून (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) थोडा मोठा तुकडा एकच ठिपका म्हणून दिसतो. थ्री-सी २७३च्या अंतरावर तेवढा तुकडा दहा लाख प्रकाशवर्षांहून मोठा आहे, त्यात अख्ख्या आकाशगंगा मावतील. आणि त्या एका ठिपक्याच्या चढउतारावरून, परभणीत बसून, तुम्ही त्याच्या आतला एका प्रकाशवर्षाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा भाग मोजलात. डेंट यांच्या काळातल्या लोकांना हेच पचत नव्हतं, की हजारो कोटी सूर्यांचं तेज एवढ्याशा जागेतून कसं येतं.

इथं एक दुरुस्ती अहवालात लिहायलाच हवी. झोत जवळजवळ प्रकाशवेगानं आपल्याकडे येत असेल तर त्यातल्या घटना आपल्याला प्रत्यक्षापेक्षा भराभर घडताना दिसतात आणि तेजही वाढलेलं दिसतं. मग खरा आकार आपल्या उत्तरापेक्षा काही पट मोठा असू शकतो. असं होतं याचा पुरावा आहे. अशा स्रोतांचं तेज-तापमान, म्हणजे एवढ्या आकारातून एवढं तेज यायला लागणारं तापमान, काढलं तर अनेकदा ते १०चा १२वा घात केल्व्हिन या मर्यादेच्या वर जातं. स्थिर वायूला ते शक्य नाही, आपल्या रोखानं धावणाऱ्या झोताला शक्य आहे. १९७१ मध्ये थ्री-सी २७३ आणि थ्री-सी २७९ यांच्या झोतातल्या गाठी प्रकाशापेक्षा जलद सरकल्यासारख्या दिसल्या, तोही याच धावेचा परिणाम.

आठवी पायरी: दोन वारंवारता, एक चढण

ओवेन्स व्हॅलीचा १५ गिगाहर्ट्झचा आणि आल्माचा ९०-१०० गिगाहर्ट्झचा आलेख एकाखाली एक ठेवा, वेळेचा अक्ष जुळवून. मोठी चढण बहुतेकदा वरच्या वारंवारतेला आधी दिसते, खालच्या वारंवारतेला नंतर, आणि थोडी पसरट. झोताचा नवा भाग सुरुवातीला इतका दाट असतो की कमी वारंवारतेच्या लहरी त्यातून बाहेरच पडत नाहीत. तो पसरत जातो तशा त्या सुटतात. किती दिवसांचं अंतर पडलं ते आधी डोळ्यांनी काढा, मग एक आलेख दिवसादिवसानं सरकवून सहसंबंधाचा आकडा कुठं सर्वांत मोठा येतो ते पाहा.

नववी पायरी: आवर्तनाचा मोह

आलेख हातात आला की डोळे लाटा शोधू लागतात. "सर, दर तीन वर्षांनी चढतंय!" इथं मराठवाड्यातल्या माणसाला समजावणं सोपं आहे. २०१२ला दुष्काळ, २०१५ला दुष्काळ, २०१८ला दुष्काळ. पारावर सगळे सांगत होते की दर तिसऱ्या वर्षी पाऊस दगा देतो. २०१४ही कोरडं गेलं होतं, ते हिशेबात कुणी धरलं नाही. आणि २०२१ला दुष्काळाची पाळी होती, तेव्हा सप्टेंबरमध्ये अतिवृष्टीनं सोयाबीन पाण्यात गेलं. तीन टेकड्यांवरून आवर्तन सिद्ध होत नाही.

स्वतः करून बघायचा उपाय असा. नव्या शीटमध्ये एका रकान्यात उणे अर्धा ते अधिक अर्धा यांमधले यादृच्छिक आकडे भरा. शेजारच्या रकान्यात त्यांची चढती बेरीज घ्या, म्हणजे प्रत्येक ओळीत आधीच्या बेरजेत नवा आकडा मिळवत जा. तिचा आलेख काढा आणि शीट पुन्हापुन्हा ताजी करा. दर वेळी वेगळ्या डोंगररांगा येतील आणि कित्येकदा त्यांत हुबेहूब आवर्तन दिसेल. त्यात काहीही आवर्ती नाही हे तुम्हाला माहीत आहे, कारण आकडे तुम्हीच बनवले. ब्लेझारचं तेजही बऱ्याच अंशी असंच चालतं, आजचं तेज कालच्या तेजावर उभं असतं.

वर्षाच्या आवर्तनाकडे तर संशयानंच पाहा. थ्री-सी २७९ दर ऑक्टोबरच्या ८ तारखेच्या सुमारास सूर्याआड जातो, त्या दिवसांत नोंदी तुटतात किंवा बिघडतात. शिवाय आपल्या आकाशगंगेतला वायू दूरच्या लहान स्रोतांना लुकलुकवतो, आणि पृथ्वी सूर्याभोवती फिरताना त्या लुकलुकण्याचा वेग वर्षभरात बदलतो. कमी वारंवारतेला हे जास्त जाणवतं.

खरं आवर्तन कसं दिसतं याचं एक उदाहरण कुंभ राशीतल्या पीकेएस २१३१-०२१ या ब्लेझारचं. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात त्याच्या ४५ वर्षांच्या रेडिओ नोंदी एकत्र केल्या, ओवेन्स व्हॅलीसकट तीन वेधशाळांच्या. तेज जवळपास शुद्ध साइन लाटेसारखं चढतउतरत होतं, सुमारे ४.८ वर्षांची एक लाट. मध्ये साधारण २० वर्षं ही लाट गायब झाली आणि परतली ती त्याच आवर्तनानं. तिथं दोन महाकाय कृष्णविवरं एकमेकांभोवती फिरत असावीत असा संशोधकांचा अंदाज आहे. या निबंधाची पहिली लेखिका सँड्रा ओ'नील तेव्हा पदवीपूर्व विद्यार्थिनी होती, म्हणजे आपल्या बीएस्सीच्या मुलांच्या बरोबरीची. तिच्या हाताशी वेगळं होतं ते चांगलं मार्गदर्शन आणि जुन्या, नीट जपलेल्या नोंदी.

औंढा नागनाथला होणाऱ्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेत अशा जोडीचा आवाज ऐकू येईल का, असं हिंगोलीकडची मुलं हमखास विचारतात. नाही येणार. लायगो सेकंदाला दहा ते काही हजार कंपनांच्या लहरी टिपते, सूर्याच्या काही पट ते शंभरएक पट वस्तुमानाच्या कृष्णविवरांच्या टकरींतून येणाऱ्या. वर्षानुवर्षांची फेरी असलेल्या महाकाय जोड्यांच्या लहरी फार संथ. त्या शोधायला पल्सारांच्या, म्हणजे नियमित ठोके देणाऱ्या फिरत्या ताऱ्यांच्या, टिकटिकीतला फरक मोजतात, आणि २०२३च्या जूनमध्ये अशा लहरींचे पुरावे जाहीर झाले त्यात आपल्या जीएमआरटीच्या नोंदींचाही वाटा होता.

सॅजिटेरियस ए-स्टारकडे जायचं असेल तर

वस्तुमान वाढलं की घटनांची गती मंदावते, हे लक्षात ठेवा. सॅजिटेरियस ए-स्टारचं वस्तुमान सुमारे ४० लाख सूर्यांएवढं, घटना-क्षितिजाची, म्हणजे जिथून आत गेलेलं काही परत येत नाही त्या सीमेची, त्रिज्या सव्वा कोटी किलोमीटरच्या आसपास. प्रकाश ती ४०-४५ सेकंदांत ओलांडतो. एम ८७चं कृष्णविवर साडेसहाशे कोटी सूर्यांचं, तिथं त्याच कामाला प्रकाशाला १८ तास लागतात. दोघांचीही निरीक्षणं २०१७च्या एप्रिलमध्ये झाली, तरी आपल्या केंद्राचं चित्र तीन वर्षांनी मागं पडलं. त्याचं एक मोठं कारण हेच, निरीक्षण चालू असतानाच तेज बदलत होतं.

इथं काळाचं एकक मिनिट. या स्रोताच्या चढणी ४३ गिगाहर्ट्झला आधी आणि २२ गिगाहर्ट्झला २० ते ४० मिनिटांनी नंतर आलेल्या नोंदवल्या आहेत. आठव्या पायरीतली गोष्ट, फक्त महिन्यांऐवजी मिनिटांत. प्रकल्पाला घ्यायचंच असेल तर एकाच रात्रीची, एकाच वारंवारतेची प्रसिद्ध नोंद घ्या आणि सहावी, सातवी पायरी तिच्यावर करा. रक्तसृतीचा भागाकार इथं नको. आकाशातली जागा पाहायची असेल तर मेच्या सुरुवातीला पहाटे तीनच्या सुमारास दक्षिणेकडे साधारण ४२ अंशांवर बघा, वृश्चिकेच्या नांगीच्या, म्हणजे मूळ नक्षत्राच्या, वर आणि थोडं डावीकडे. जूनमध्ये ती जागा मध्यरात्रीच्या सुमारासच दक्षिणेला तेवढी वर येते, पण तोवर ढग येतात.

अहवाल आणि पुढची भेट

अहवालात स्रोताचं नाव, वारंवारता, नोंदींचा कालखंड, काढून टाकलेल्या ओळी आणि त्यांचा नियम, थ्री-सी २८६शी तुलना, बदलाची टक्केवारी, आकार आणि झोताच्या वेगाची दुरुस्ती एवढं आलं की काम पूर्ण. कुणाच्या नोंदी वापरल्या ते वेधशाळेच्या नावानिशी लिहा. आवर्तनाबद्दल बोलायचं असेल तर निदान पाच पूर्ण लाटा दिसल्याशिवाय "आवर्तन" हा शब्द शीर्षकात टाकू नका.

२८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्तानं, खोडदला जीएमआरटीत विज्ञान प्रदर्शन भरतं. नगर-कल्याण रस्त्यानं आळेफाटा, तिथून नारायणगाव आणि पुढं खोडद. ४५ मीटरच्या ३० अँटेना आहेत आणि त्या दिवशी तिथली माणसं आनंदानं बोलतात. आलेख ए-थ्री कागदावर छापून न्या आणि विचारा की हाच क्वेझार तुमच्या काही शे मेगाहर्ट्झला एवढा का हलत नाही. उत्तराचा निम्मा भाग पहिल्या पायरीतल्या एम ८७मध्ये आहे, उरलेला निम्मा आठव्या पायरीत. जाताना मूळ फाइल पेनड्राइव्हवर ठेवा, कारण तिथला कुणीही जाणकार आलेख हातात घेतल्यावर वारंवारता आणि एरर बार आधी विचारेल, आणि मग नोंदी मागेल.